मामांना माहीत होतं

शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून एक वावर आहे. दसरा उलटला की तिथली कपाशी फुटायला लागते. आधी खालची बोंडं, मग हळूहळू वरची. सकाळच्या पहिल्या तासाला मी सहावीच्या वर्गात कविता शिकवत असते आणि खिडकीतून कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने पुढे सरकताना दिसतात. दवाने ओला कापूस वेचू नये म्हणून त्या ऊन वर यायची वाट बघत बांधावर बसतात, तेव्हा त्यांचं बोलणं वर्गात ऐकू येतं. पोरं कवितेऐवजी तेच ऐकतात. मीही.

पाहणाऱ्याची नजर पांढऱ्या कापसावर जाते. माझी जात नाही. मी फुलं पाहते. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. पण मधूनच एखादं फूल उमलायचंच नाकारतं. त्याच्या पाकळ्या टोकाशी एकमेकींत पीळ घालून घट्ट बसतात, गुलाबाच्या कळीसारख्या. त्याला डोमकळी म्हणतात. दिसायला ती फार सुंदर असते. माहीत नसलेला माणूस ती तोडून केसांत माळेल. आत मात्र अळी बसलेली असते.

डोमकळी दिसली की माझी कविता मधेच थांबते. इतकी वर्षं झाली, तरी.

मी लहानाची मोठी झाले ती मामांकडे. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. नांदुऱ्याच्या पलीकडे, पूर्णेकडच्या काळ्या रानातलं मामांचं गाव. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. त्यामुळे आमच्या घराला कायम दुकानाचा वास असायचा. औषधांचा उग्र, डोळ्यांत जाणारा, आणि त्याच्या खाली ज्वारीच्या बियाण्याचा कोरडा, धुळीसारखा. शाळेत पोरी म्हणायच्या, सुमनच्या दप्तराले औषधाचा वास येते.

मृगाच्या आधी मामा प्रत्येक वाणाची उगवण तपासत. ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची आणि रोज पाणी शिंपडायचं. हे काम माझ्याकडे आणि मामांचा मुलगा दिनेश, त्याच्याकडे. चार-पाच दिवसांनी गुंडाळी उलगडली की मोड आलेले दाणे दिसायचे. जे वाण कमी उगवलं त्याची थैली मामा परत पाठवत. दुकानदार असं करत नाहीत, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटायचं, सगळीच दुकानं अशी चालतात.

बीटी कपाशी आली तेव्हा मी शाळेत नोकरीला लागून धाड या गावी आले होते. सुट्टीत गेले की तिचं कौतुक ऐकू यायचं. अळी नाही, फवारणी नाही, बोंडं नुसती लगडलेली. लोकांनी फवारणीचे पंप माळ्यावर टाकले होते. मामांच्या दुकानासमोर बियाण्यासाठी रांगा लागायच्या. बीटीची पिशवी घेतली की तिच्याबरोबर एक लहान पाकीट मिळायचं. त्यात साधं, बीटी नसलेलं बियाणं असायचं. ते काय असतं, मी कधी विचारलं नाही. पंधरा वर्षं ते पाकीट माझ्या नजरेसमोर होतं.

धाडला माझी ओळख कविता शिकवणारी बाई अशी आहे, पण त्याहून जास्त लिहून देणारी बाई अशी. कुणी निवृत्त होणार असलं की मानपत्र. कुणी वारलं की श्रद्धांजली. ‘मॅडम, चार ओळी लिहून द्या.’ चार ओळी म्हणतात आणि दोन पानं हवी असतात. माझ्याकडे शब्द तयार असत. मनमिळाऊ, कष्टाळू, अजातशत्रू. त्यांच्या जाण्याने न भरून निघणारी पोकळी. मेलेला माणूस माझ्या कागदावर आला की एकदम गुळगुळीत व्हायचा. घरची माणसं ते ऐकून रडायची आणि मला वाटायचं, आपण चांगलं काम केलं.

बोंडअळीचं ते वर्ष. कार्तिक चालू होता, धाडचा बाजार होता आणि मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. दुपारी दारात मामा उभे. न कळवता, एसटीने, दोन गाड्या बदलून आलेले. मोसमात दुकान सोडून मामा कधी कुठे जात नसत. मी पाणी दिलं. ते प्याले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या पेपरांवर ठेवलं.

ती डोमकळी होती. मी पहिल्यांदा पाहत होते. मामांनी नखाने एकेक पाकळी सोडवली. आत तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी अळी. ती वळवळत एका पोराच्या उत्तरपत्रिकेवर चालू लागली.

“हे हरेक वावरात हाये,” मामा म्हणाले. “बोंड फोडलं का आत नुसती कवडी, सडका कापूस. वरून हिरवंगार दिसते, आत काही नाई.”

“बियाणं बोगस निघालं का, मामा?”

“बोगस असतं तं बरं झालं असतं. बियानं चोख होतं. म्हनून तं तुह्याकडे आलो.”

मग त्यांनी मला त्या लहान पाकिटाचं सांगितलं. शिकलेल्या भाचीला नव्हे, दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. “वावराच्या चारी धुऱ्यानं त्या पाकिटातली साधी पऱ्हाटी लावा लागते. अळीले खायले. त्या झाडावरची अळी साधीच राह्यते, अन तिची पैदास होत राह्यली तं बीटीचं इख पचोनाऱ्या अळीची जात वाढत नाई. नाई लावली, तं हयूहयू सगळ्याच अळ्या ते इख पचोयले शिकतात. हे पयल्या साली आमाले सांगतलं होतं. पाकिटावर छापलं होतं.”

“मग?”

“मंग मी सांगतलं लोकाइले. दोन साल, तीन साल सांगतलं. लोक हासत. म्हनत, भास्करभाऊ, अळीले पंगत घालू का? काही जन तं ते पाकीट दुकानाच्या पायरीवरच फेकून जात. मंग मी सांगनं सोडून देलं. गिऱ्हाइकाले नको ते काऊन सांगा? नुसतं पाकीट देत गेलो. मंग पाकीटबी देनं सोडलं. माळ्यावर थप्पी लागली.”

मी म्हटलं, “सगळ्याच दुकानदारांनी तसंच केलं असेल. तुमचा एकट्याचा काय दोष?”

“सगळ्याइले माईत नसन,” मामा म्हणाले. “मले माईत होतं ना, सुमन.”

त्यांना ग्रामसभेत उभं राहून हे सांगायचं होतं. दिनेशला विचारलं तर तो चिडला होता. गावात तक्रारी सुरू झाल्या होत्या, तालुक्याहून माणसं येऊन पंचनामे करत होती, आणि अशा वेळी दुकानदाराने स्वतःहून तोंड उघडायचं म्हणजे काय? पण मामांचं ठरलं होतं. अडचण एकच होती. “माह्याच्यानं तोंडी होत नाई. चार मानसात उभा राह्यलो का घसा बसते. तू लिहून दे. चार ओळी. मी वाचून दाखोतो.”

“सहामाहीचे पेपर झाले की लिहिते, मामा.”

“मंग कधी येऊ?”

“मी फोन करते.”

पेपर चार दिवसांत संपले. मी फोन केला नाही. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे गेले आणि रोज मी स्वतःला काहीतरी कारण देत होते. खरं कारण मला माहीत होतं. मामांनी ते बोलू नये असं मलाही वाटत होतं. दिनेशसारखी मीही घाबरले होते. माझ्या मामांकडे कुणी बोट दाखवावं हे मला नको होतं. आपण थोडं थांबलो तर त्यांचा विचार बदलेल, असं मी धरून चालले होते.

मार्गशीर्षात एका दुपारी मामा दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. दिनेश समोरच होता. त्याने हाक मारली तेव्हा मान कलली होती.

मी पोचले तेव्हा तिरडी उचलायची तयारी झाली होती. अंत्ययात्रेला माणसं कमी होती. बाजाराच्या रस्त्यावर चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसासाठी फारच कमी. गावाबाहेर हिरव्या, उभ्या कपाशीत मेंढ्या सोडलेल्या होत्या. लोकांनी वेचणीची आशा सोडून वावरं मेंढपाळांना दिली होती. मेंढ्या पानं ओरबाडत होत्या आणि वावराचा मालक बांधावर पाठ करून बसला होता. दुकानाच्या पाटीवर कुणीतरी शेण मारलं होतं. दिनेशने ते धुतलं होतं, पण उठावाच्या अक्षरांच्या कडांना ते अजून होतं.

तेरवीच्या तीन दिवस आधी दिनेशचा धाडला फोन आला. “ताई, तेरवीले तूच बोल. बाकीचे काही बी बोलतीन. तू लिहून आन. अन कागद आदी मले दाखो.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी एसटीत लिहायला बसले. धाडहून बुलढाणा, तिथून गाडी बदलून मोताळ्यावरून नांदुरा. राजूर घाटात गाडी वळणं घेत होती आणि मांडीवरच्या वहीत माझे शब्द आपोआप उमटत होते. ‘मनमिळाऊ.’ मी खोडलं. ‘शेतकऱ्यांचा आधार.’ खोडलं. ‘त्यांच्या जाण्याने’ एवढं लिहून पेन थांबलं. त्यांच्या जाण्याने काय झालं होतं? त्यांच्या जाण्याने माझी सुटका झाली होती. आता ते कधीच ग्रामसभेत उभे राहणार नव्हते. हा विचार मनात आला तेव्हा मला स्वतःची इतकी किळस आली की मी वही बंद केली.

घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग दिसू लागले. हिरव्याच उपटलेल्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारी बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती.

“काय लिहून राह्यल्या, बाई?”

“मामा वारले माझे. तेरवीत बोलायचंय.”

“अरे अरे. काय करत होते?”

“दुकान होतं.”

“कायचं?”

“बियाण्याचं.”

थोड्या वेळाने तिने मांडीवरचं गाठोडं उचललं आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. मोताळा येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत राहिली. मी पुन्हा वही उघडली. उरलेल्या वाटेत मी एका दमात लिहिलं, आणि त्यात एकही जुना शब्द आला नाही.

दिनेशने कागद मागच्या अंगणात उभ्यानेच वाचला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. गोणपाटाच्या गुंडाळीवर माझ्याबरोबर पाणी शिंपडणारा तो पोरगा आता चाळिशीला आला होता, त्याचे गाल बसले होते, दाढीचे खुंट वाढलेले. पान अर्धं झालं आणि त्याने वर पाहिलं.

“हे काय हाये, ताई?”

“त्यांनीच सांगितलं होतं लिहायला. तुलाही माहीत आहे.”

“माईत हाये. पन बाबा जित्ते असतानी बोलले असते तं त्याइचं त्याइनं निस्तरलं असतं. आता माह्यावर येईन ते. चौकशी चालू हाये, तुले समजते का? मांडवात बसलेला कोनीबी उद्या उठून म्हनन, दुकानदाराच्या घरच्यांनीच कबूल केलं.” त्याचा आवाज फुटला. “दोन पोरी हायेत मले. मी कुठं जाऊ?”

त्याने खिशातलं पेन काढलं आणि मधला अख्खा परिच्छेद निळ्या रेघांनी खोडला. मग कागद माझ्या हातात दिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तीन आठवडे मी दुसरं काय करत होते?

मामी चुलीशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तेरा दिवसांत त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. मी जवळ जाऊन बसले तशा त्या विस्तवाकडे बघतच म्हणाल्या, “त्याइच्या नावानं खोटं बोलू नको, सुमन. अन खरं बोलून माह्या पोराले मारू नको.”

“दोन्ही कसं जमेल, मामी?”

“मले काय माईत? तू मास्तरीन हाये.”

मांडव दुकानासमोर रस्त्यावरच टाकला होता. माणसं आली होती. अंत्ययात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ती का आली होती हे मला कळत नव्हतं आणि त्याचीच भीती वाटत होती. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. नेहमी तेरवीत एक कुजबुज असते, पोरं पळत असतात, कुणीतरी हसतं. तिथे तसलं काही नव्हतं. माणसं गुडघ्यांना हातांची मिठी मारून बसली होती आणि बंद दुकानाकडे बघत होती.

आधी गावचे एक निवृत्त हेडमास्तर बोलले. ते जुन्या वळणाचे, भले गृहस्थ. त्यांनी मामांना अजातशत्रू म्हटलं आणि मागून कुणीतरी मोठ्याने हसलं. एकच माणूस, एकदाच. हेडमास्तर अडखळले, चष्मा सारखा केला आणि पुढचं घाईघाईने संपवून बसले. अजातशत्रू हा शब्द मी किती जणांसाठी लिहून दिला होता, आणि त्यांच्या सभेत कुणी हसलं नव्हतं ते फक्त लाजेखातर, हे मला त्या क्षणी कळलं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले. माइकपाशी गेले. दिनेश मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. मी कागद उघडला. निळ्या रेघांखालची अक्षरं नीट वाचता येत होती.

मी म्हटलं, “मी भास्करमामांची भाची. त्यांनी वाढवली म्हणून मी इथे उभी आहे. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला मला खूप आहे, पण ते मी आज बोलणार नाही. मामांना तुमच्यासमोर स्वतः काही सांगायचं होतं. त्यांना बोलता येत नसे म्हणून त्यांनी मला लिहून मागितलं होतं. मी लिहून दिलं नाही. आज देते, उद्या देते करत राहिले आणि ते गेले. हा माझा अपराध आहे, त्यांच्या मुलाचा नाही. ते जे वाचणार होते ते मी वाचते.”

आणि मी वाचलं. त्यांच्याच बोलीत लिहिलं होतं.

“मी भास्कर. मी तुमाले बियानं देलं. बियानं खोटं नोतं. पन त्याच्यासंगं जे साधं बियानं लावा लागते, ते काऊन लावा लागते, हे मले माईत होतं. पयले मी सांगतलं. तुमी हासले, मंग मी सांगनं सोडून देलं. मी तेव्हा थांबाले नोतं पाह्यजे. तुमी हासले असते तरी दर साली सांगाले पाह्यजे होतं. माहं काम नुसतं पिशवी देनं नोतं. मी चुकलो.”

एवढंच. चार ओळींपेक्षा थोडं जास्त.

माइक खरखरत होता. दिनेशने खांब सोडला होता आणि तो एक पाऊल पुढे आला होता, पण तिथेच थांबला. मग मधून एक तरुण शेतकरी उठला. त्याचं तोंड लाल झालेलं.

“आता सांगून काय फायदा, बाई? तुमचा मामा गेला, त्याचं तुमाले दुख हाये. आमी मेंढ्या घातल्या वावरात. उभ्या पिकात. आमी कोनापाशी वाचून दाखवा?”

मी हातातल्या कागदाची घडी केली. तो वळला आणि चालू लागला. त्याच्यामागे सहा-सात जण उठले. तेरवीच्या मांडवातून न जेवता उठून जाणं याहून मोठा राग आमच्याकडे नाही. त्यांच्या चपलांचा आवाज रस्त्यावरून दूर जाईपर्यंत कुणी हललं नाही. आता सगळाच मांडव उठणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात हबीबचाचा उभे राहिले. मामांचे शाळासोबती. नाल्याकाठी त्यांचं वावर, आणि मामांच्या दुकानाचे अगदी पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. बोंडअळी पडल्यापासून ते दुकानाची पायरी चढले नव्हते, हे दिनेशने मला सांगितलं होतं. ते माइकपाशी आले नाहीत. जागेवरूनच बोलले.

“पाकीट मीच फेकलं होतं त्याच्या पायरीवर. सबके सामने. त्यानं मले सांगतलं होतं, पयल्या साली. मंग नाई सांगतलं. मीबी नाई इचारलं.” ते थांबले. “आता कोनी म्हनन, हबीबनं माफ केलं. मी माफ कराले नाई आलो. माहं वावर गेलं, ते तं गेलंच. मले एकच इचाराचं हाये.” त्यांनी दिनेशकडे पाहिलं. “पुढच्या साली दुकान उघडन, तं सांगन कोन?”

दिनेशने मान खाली घातली. त्याला हो म्हणता येत नव्हतं आणि नाहीही म्हणता येत नव्हतं. हो म्हटलं की बापाची चूक कबूल. नाही म्हटलं की दुकान कायमचं बंद. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते उत्तर माझं नव्हतं.

“मी सांगतो.”

आवाज बायांच्या बाजूने आला. कोण बोललं ते आधी कुणाला कळलंच नाही; आमच्याकडे बायाही ‘सांगतो’च म्हणतात. मग बाया बाजूला सरकल्या आणि मामी उभ्या राहिलेल्या दिसल्या. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. लग्न होऊन आल्यापासून मामी दुकानाच्या बाजूला आल्या नव्हत्या. मधल्या दारातून चहाचा पेला आत द्यायचा, एवढाच त्यांचा दुकानाशी संबंध. त्यांनी दातांतला पदर सोडला आणि पुन्हा म्हणाल्या, “मी सांगतो. हरेकाले सांगतो. आयकत नसन त्यालेबी.”

हबीबचाचा खाली बसले. थोड्या वेळाने पंगत बसली आणि ते जेवले.

मी काय केलं ते बरोबर होतं का, मला अजूनही ठरवता येत नाही. माझं बोलणं कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. दिनेशला दोनदा तालुक्याला बोलावणं आलं. बियाणं खरं होतं हे सिद्ध झालं, दुकान पुढच्या मृगाआधी उघडलं, पण निम्मं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं ते गेलंच. न जेवता उठून गेलेला तो तरुण पुन्हा कधी त्या पायरीवर चढला नाही. दिनेश दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मी फोन केला की तो न बोलता मामींच्या हातात द्यायचा. मी श्रद्धांजल्या लिहून देणं बंद केलं. कुणी आलंच तर विचारते, त्यांना सांगायचं काही राहिलं होतं का? बहुतेक जण बुचकळ्यात पडतात आणि दुसऱ्या कुणाकडे जातात. एखादा मात्र खुर्ची ओढून बसतो आणि सांगायला लागतो.

आता ते साधं बियाणं वेगळं मिळत नाही. पिशवीतच मिसळून येतं म्हणे. सांगायची गरज उरली नाही. पण त्याआधीचे दोन मोसम मामी दुकानात बसल्या. दुसऱ्या वर्षी मृगात मी गेले होते तेव्हा त्या गल्ल्याच्या कडेला एका प्लास्टिकच्या खुर्चीत होत्या. दिनेश पिशवी आणि तिच्याबरोबरचं पाकीट काढून गिऱ्हाइकापुढे ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. मग मामी बोलायच्या. शाळेत पाठ म्हणावा तसं, न चुकता, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. रांगेतल्या माणसांना घाई असायची. आभाळ भरून आलेलं असायचं. तरी त्या एक शब्द गाळायच्या नाहीत.

एक जण हसत म्हणाला, “काकू, मांगच्या साली सांगतलं होतं ना तुमी.”

“लावलं होतं का?”

“नाई.”

दिनेशने त्याच्यापुढची पिशवी हलकेच मागे ओढली आणि आईच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

“मंग आयक पुन्हा,” मामी म्हणाल्या.